मुशीला चिकटलेले पॉइंट

विट्याच्या स्टँडवर गाडी लागली होती आणि माझी ट्रंक दादाच्या डोक्यावर होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंच. वडील लवकर गेलेले, आणि गावातला एक गलाईवाला बेंगळुरातल्या दुकानासाठी पोरगा मागत होता. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली निम्मी माणसं ह्याच कामापायी देशभर पांगलेली आहेत. मागणी एकाच पोराची होती. दादाला रानातलं कळायचं, मला चौथीपर्यंतचं वाचता यायचं आणि बाकी काहीच यायचं नाही, म्हणून मी निघालो.

आई स्टँडपर्यंत आली नाही. उंबऱ्यातच म्हणाली, "परक्याचं सोनं हाताळशील. नखात राहू देऊ नको." दादानं ट्रंक टपावर चढवली, दोरीनं आवळली, खाली उतरला, परत वर चढून गाठ ओढून बघितली, आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागला. रानात पाणी सोडायचं होतं त्याला. त्या वेळी मला फार लागलं होतं. पाण्याची पाळी चुकवून निरोप देत बसता येत नाही, हे माहीत असूनसुद्धा लागलं होतं.

बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या एका बोळात आमच्या मालकाचं दुकान होतं. पुढं एक गल्ला, मागं भट्टी, भट्टीच्या वर झोपायचा माळा. मालकानं पहिल्यांदा शिकवलं ते सोनं वितळवायला नव्हे. मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, भट्टीतून काढून सोनं ओतलं की थोडंसं तिच्या कडेला चिकटून राहतं. ते कुणाचं, हे आधी शिकवलं. ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत खरवडून त्याच्याच पुडीत घालायचं. फरशीवर जे उडतं, हात धुताना जे पाण्यात जातं, ते मात्र कुणाचं हे देवालाही सांगता येत नाही. ती माती आणि ते पाणी दुकानाचं. मालक म्हणायचा, "कुणाचं ते कळतंय, तोवर ते त्याचं. कळेनासं झालं की आपलं." पुढं त्याच बोळात मी माझं दुकान काढलं, तेही ह्याच एका वाक्यावर चाललं. दुसरं शिक्षण मला नाही आणि लागलंही नाही.

इथल्या लोकांनी मला अण्णा केलं. तोंडात बरं म्हणायला 'सरी' आणि थोडं म्हणायला 'स्वल्प' ही कानडी कधी येऊन बसली कळलं नाही. गावी गेलो की ताटावर बसून म्हणायचो, "वहिनी, भात स्वल्प घाला." वहिनी पळी वर धरून विचारायची, "भावजी, भात घालू का स्वल्प घालू? एकच काय ते सांगा." गलाईवाले सगळेच करतात तसं मीही गावाकडं एक बंगला बांधला. तो वर्षभर बंद असतो, किल्ली वहिनीकडं. जत्रेला जायचं, चार दिवस राहायचं. निघताना बेंगळुरात सगळ्यांना सांगायचं, 'घरी चाललोय.' शिवाजीनगरच्या जवळच माझं स्वतःचं दोन मजली घर आहे, बायको त्यात नांदली आणि गेली, मुलगा संजय तिथं वाढला, नात रेवती तिथं वाढली. तरीही 'घरी' म्हणजे तिकडं.

दादा मात्र बेंगळुराला एकदाही आला नाही. मी किती बोलावलं. त्याचं एकच, "धाकट्याच्या दारात जाऊन मी पाहुणा व्हायचं? तू ये की." आमच्या रक्तात ही खोड आहेच, मी कुणाला नावं ठेवू?

तर आता रेवतीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, इथंच तिच्याबरोबर कंप्युटरात. आणि पोरांनी ठरवलं की लग्न श्रीलंकेत करायचं, समुद्राकाठच्या एका हॉटेलात. नागपूरकरांना बेंगळूर नको, आम्हाला नागपूर नको, म्हणून तिसरीकडं. मी फोनवर दादाला सांगितलं. तो म्हणाला, "रामानं बायकू लंकेतनं सोडवून आणली. तुमी पोरगी नेऊन पोचवा तिथं." मागनं वहिनीचं हसणं ऐकू आलं.

पण हसण्यावारी गेलं नाही. आमच्या घरात पहिली अक्षता थोरल्याच्या हातची पडते. माझ्या लग्नात दादानं टाकली, संजयच्या लग्नात दादानं टाकली. दोन्ही लग्नं गावात झाली म्हणून जमलं. ह्या वेळी दादानं डाळिंबाच्या पैशातनं लग्नखर्चाचा थोरल्या घरचा वाटा संजयला पाठवून दिला आणि सांगितलं, "माझा वाटा पोचला. विमानाचा खर्च मला झेपायचा न्हाई, आणि तुझ्या पैशानं मी बसायचा न्हाई. माझ्या नावानं अक्षता तूच टाक." मी म्हटलं, मी टाकणार नाही. तो म्हणाला, नको टाकू. दोघांनीही फोन ठेवला.

खर्चाचं सगळं संजयच्या हातात होतं. तो एका ऑफिसात हिशेब बघतो. हॉटेलला परदेशी पैशात दिलं की बँक वरनं आणखी कापते म्हणून त्यानं बेंगळुरातलीच एक लग्नं लावून देणारी कंपनी धरली. खोल्या, जेवण, मांडव, फुलं, सगळं तिच्यामार्फत आणि सगळं त्याच्या क्रेडिट कार्डावर. आमची भावकी कोइमतूर, त्रिशूर, विजयवाडा अशी पांगलेली. सगळे गलाईवाले, सगळे ताठ. आपापल्या खोलीचे पैसे आपण देणार म्हणाले. ते पैसे संजयच्या फोनवर यायचे आणि तो तेवढंच कार्ड घासायचा. फक्त सोन्याचं माझ्याकडं सोपवलं. मला वाटलं, मान दिला. नंतर कळलं की त्याच्या कार्डावर सोन्याला पॉइंट मिळत नाहीत.

हे पॉइंट काय, ते मला रेवतीनं सांगितलं. कार्डावर जेवढा खर्च, त्या मानानं बँक वर थोडी बक्षिसी ठेवते. साठली की तिकिटं काढता येतात, नाहीतर भांडीकुंडी मागवता येतात. लग्न झाल्यावर त्यातनं ती आणि तिचा नवरा युरोपला जाणार होते. मी विचारलं, "भावकीनं दिलेल्या पैशावरही मिळतात?" ती म्हणाली, "हो आजोबा. बाबांनी म्हणून तर सगळ्यांचं एकत्र भरलं."

झालं. सकाळच्या कॉफीला मी संजयला बसवलं.

"हे पॉइंट कुणाचे?"

"कार्ड माझं, पॉइंट माझे. अप्पा, ही बँकेची सवलत आहे. सोनं नाही."

"मूस तुझी म्हणून तिला चिकटलेलं सोनं तुझं होतं का?"

"पण फरशीवर पडलेलं तुम्हीच ठेवायचा ना?"

"ते कुणाचं हे कळत नव्हतं म्हणून. तुझ्या फोनात तर सगळं दिसतंय. त्रिशूरच्या नामदेवचे किती, विजयवाड्याचे किती."

त्याला राग आला, पण तो माझाच पोरगा, त्यानंही सोडलं नाही. कोइमतूरच्या दोन खोल्या ऐन वेळी रद्द झाल्या तेव्हा भुर्दंड कुणी भरला? बिलाची तारीख चुकली तर व्याज कोण भरणार? महिनाभर कंपनीशी फोनवर भांडला कोण? ते खरंच होतं. गलाईला मजुरी असते, ह्याला नाही असं मी म्हणू शकत नव्हतो. म्हटलं, "तुझी मजुरी काढून घे. राहिलेलं ज्याचं त्याला दे."

"ज्याचं त्याला? एकेका घराला एक पातेलं येईल अप्पा. तेही बिनझाकणाचं."

सूनबाई आत हसली. मग रेवतीच म्हणाली, "वाटायचं कशाला? सगळ्यांचं एकत्र ठेवून मोठ्या आजोबांची आणि आजीची तिकिटं काढा ना. विट्याहून बसनं इथं येतील, इथून विमान. आमचं युरोपचं आम्ही बघू."

आता खरं सांगतो. भावकीच्या हक्काची गोष्ट मी मनापासूनच बोलत होतो, पण बोलताना डोळ्यांपुढं दादाच होता. पोरीनं ते ओळखलं. संजयनं कप उचलला आणि "सरी, करा तुम्हाला हवं ते" म्हणून ऑफिसला गेला.

पण दुसऱ्याचं खरवडलेलं तिसऱ्याला द्यायचं, तर पहिल्याला विचारायला हवं. मी एकेका घरी फोन लावला. कुणाला पॉइंट म्हणजे काय हेच कळेना, कुणाला मी हे का विचारतोय हे कळेना. नामदेव तर हसतच सुटला. "अण्णा, दुकान सोडलं तरी तुम्ही आमच्या मुशी खरवडताय व्हय?" पण सगळ्यांनी हो म्हटलं. विजयवाड्याच्या घरानं तर वर म्हटलं, थोरले आले नाहीत तर आम्ही तरी कशाला यायचं? म्हणजे तेही दुसरीकडून ताठच.

मग दादाला फोन लावला. ह्या फोनची मला धाकधूक होती. अक्षता टाकणार नाही, असं मी बोलून बसलो होतो. दादा आला नाही तर मांडवात पहिला हात कुणाचा उठणार होता? मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे सगळ्यांचं उष्टं मला?"

"उष्टं नाही दादा. मुशीचं आहे. तुझ्या पैशाचंही आहे त्यात."

"माझं किती?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. "लई थोडं. विमानाच्या शिटाला हात ठेवायला जागा असते, तेवढं असेल."

"मग हातच पाठवतो," दादा म्हणाला.

तेवढ्यात वहिनीनं फोन घेतला. "भावजी, माझं तिकीट काढा. मी येणार हाय. समुद्र बघायचाय मला. तुमी दोघं भाऊ आपापला ताठा मांडीवर घेऊन बसा, मला रेवतीच्या डोक्यावर अक्षता टाकू द्या." मग तिकडं तोंड करून, "वेड्यावाणी बघताय काय? मी एकटी गेल्यावर भाकरी कोण थापणार हाय हितं?"

त्या दोघांमधे पुढं काय झालं ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, दोघांच्या पासपोर्टाला काय काय लागतं म्हणून. चौकशीला आलेल्या पोलिसानं दादाला विचारलं, परदेशी कशाला? दादा म्हणाला, "लंकेला. राखण कराया." पोलीस चहा पिऊन गेला.

लग्नाचं काय सांगू. समुद्र होता, वारा होता, भटजी नागपूरचा होता आणि त्याचं उपरणं सारखं उडत होतं. दादा नव्या धोतरात वाळूवर उभा राहिला, शेतात राहतो तसा, पाय रोवून. भटजी 'सावधान' म्हणाला आणि पहिला हात त्याचा उठला. वाऱ्यानं निम्मे तांदूळ आमच्याच तोंडावर आणून टाकले. वहिनी मात्र पुढं सरकून अगदी डोक्यावर टाकून आली. संजय माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, "अप्पा, बरं झालं." पोराला मजुरी नीट मिळाली नाही, हे मला कळत होतं.

परतताना दादा-वहिनी बेंगळुरात माझ्याकडं राहिली. जाताना घरात पाहुण्यांची दाटी होती, आता घर मोकळं. एवढ्या वर्षांत माझा थोरला भाऊ पहिल्यांदा माझ्या छपराखाली सुखानं झोपला. दुसऱ्या दिवशी त्याला बोळात नेलं. माझं दुकान आता नामदेवचा भाचा चालवतो, त्यानं दादाला गादीवर बसवलं. रस्त्यात भाजीवाली, रिक्षावाला, समोरचा सोनार, सगळे मला थांबवून 'अण्णा, ऊटा आयता?' म्हणून जेवल्याचं विचारत होते. दादा माझ्या मागं मागं, गर्दीत माझ्या सदऱ्याकडं बघत चालत होता.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं पोटासाठी बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही म्हणाल ह्यात काय विशेष. विशेष त्या दुपारी झालं. जेवून आम्ही दोघे भाऊ वरच्या खोलीत आडवे झालो होतो. उकडत होतं. दादा उठून बसला, खिडकीकडं बघितलं, आणि मला विचारलं, "ही उघडू का रे?"

दादा विचारत होता. मला.

गावी गेलो की असं मी विचारतो. माझ्या पैशानं बांधलेल्या बंगल्यात मी वहिनीला विचारतो, दार लोटू का, पंखा लावू का, पाणी कुठल्या हंड्यातलं घेऊ. आजवर ध्यानात आलं नव्हतं. कुणी विचारलं तर मी अजूनही घर म्हणून त्या गावाचंच नाव सांगेन, तोंडाला तेच येतं. पण त्या खोलीत उत्तर द्यायला मला क्षणभरही थांबावं लागलं नाही.

"डावी उघड, दादा. उजवीची कडी जरा वर उचलून ओढावी लागते."