उभ्यानं बांधलेला फेटा

फेटा डोक्यावरच बांधायचा असतो, दुकानातून टोपीसारखा उचलून आणायचा नसतो, या एका बाबतीत मी हटवादी आहे. सारी नोकरी दिल्लीच्या सरकारी कचेरीत गेली, घरात निम्मी हिंदी शिरली, लेकीला ‘उंबरठा’ म्हणजे काय तेही समजावून सांगावं लागलं. फेट्यापुरती मात्र मी तडजोड केली नाही. दिल्लीच्याच द्वारका भागातल्या आमच्या मराठी मंडळात पाडवा असो की गणपती, सगळी डोकी माझ्या हाताखालून जायची. समोरचा उभा, मीही उभा, आणि कापड पीळ घेत घेत वर चढायचं.

मग उजवा खांदा आखडला. आधी नुसता कुरकुरला, नंतर हात कानापर्यंतही जाईना. शर्टाची बाही चढवताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी कुणाला काही बोललो नाही. त्याऐवजी फेटा बांधून घ्यायला येणाऱ्यांना खुर्चीवर बसवू लागलो. हात आणखी खाली आला तेव्हा बुटक्या स्टुलावर, आणि शेवटी जमिनीवर पाट मांडून. ‘बसलेल्या माणसाला पीळ घट्ट बसतो,’ असं मी ठोकून दिलं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं, की गुडगावात नोकरी करणारा एक मराठी तरुण आपल्या पंजाबी मित्राला सांगत होता, “यार, हमारे यहाँ पाट पे बैठके ही बंधता है, परंपरा है.” मी वेड पांघरून पेडगावला गेलो.

बायकोपुढे हे चालणारं नव्हतं. “रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला,” ती म्हणाली. “खांदा आखडलाय तुमचा, आणि खाली बसतंय अख्खं मंडळ.”

तेवढ्यात लेकीचं लग्न ठरलं. तिची अट एकच होती: नऊवारीवर फेटा, आणि तोही माझ्या हातचा. मी हो म्हणालो, पण ती माझ्या खांद्याकडे बघत होती. “बाबा, तुला खरंच त्रास होत असेल तर आपण तयार मागवू. चलेगा,” ती म्हणाली. ती अगदी मायेनं बोलली होती, म्हणूनच ते जास्त झोंबलं. लेकीच्या डोक्यावर दुकानातला फेटा चढणार आणि मी बाजूला उभा राहून टाळ्या वाजवणार, ही कल्पनाच मला सोसवेना. दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरकडे गेलो.

माझ्या डोक्यात ऑपरेशनच होतं. खांदा उघडतील, टाके पडतील, हात गळ्यात अडकवून मला मांडवात बसवतील. डॉक्टरीण लेकीच्याच वयाची. तिनं माझा हात सगळ्या दिशांनी वळवून पाहिला, एक्स-रे पाहिला, शुगर आहे का विचारलं. होतीच. दिल्लीच्या थंडीनं खांदा गोठला असावा, असं माझं निदान मी तिला ऐकवलं.

“ठंड से नहीं, अंकल,” ती हसून म्हणाली. “जोड़ के ऊपर की झिल्ली सिकुड़ गई है. ऑपरेशन नहीं करेंगे. सुई से पानी भरके उसी को फैलाएँगे.”

सांध्याभोवतीची पिशवी आकसलीय आणि ती पाण्यानं सुटते, हे मला थापच वाटलं.

मला कुशीवर निजवलं, खांद्यावर थंडगार जेल लावलं आणि सोनोग्राफीचा पडदा मला दिसेल असा वळवला. ज्या खांद्यावर लेकीला बसवून मी रावण-दहन दाखवलं, तो मी पहिल्यांदाच आतून पाहत होतो. हाडाची पांढरी कमान आणि तिच्यावर एकावर एक स्नायूंचे करडे पदर. इतकी सुबक गोष्ट जन्मभर माझ्याजवळ होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. आधी डॉक्टरणीनं जागा बधिर केली. मग त्या पदरांमधून एक बारीक पांढरी रेघ पुढं सरकू लागली. ती सुई होती. पोरगी माझ्या खांद्याकडे बघतही नव्हती. नजर पडद्यावर ठेवून तिनं सुई नेमकी सांध्याच्या तोंडाशी नेली आणि थांबली.

“अब थोड़ा दबाव लगेगा.”

थोडा कसला! आत खोलवर काहीतरी ताणत गेलं आणि मी दात आवळले. पण डोळे मिटवेनात. पडद्यावर केसाएवढी काळी फट उमटली, आणि पाणी आत जाईल तशी ती रुंद होत गेली. नव्या कापडाच्या खळीनं चिकटलेल्या घड्या पाण्यात पडल्यावर सुटत जातात, तशी ती आखडलेली पिशवी माझ्या डोळ्यांदेखत सुटत होती. मी फारसा देवळात जाणारा माणूस नाही. त्या पडद्यापुढे मात्र मी हात जोडले असते, पण एक हात तिच्या ताब्यात होता.

“हो गया,” ती म्हणाली. टाका नाही, पट्टी नाही, नुसता एक छोटा चिकट ठिपका. तिनं माझा हात धरून सावकाश वर नेला. जिथं रोज अडायचा तिथून तो पुढं गेला. पूर्ण नाही, पण गेला. मी तिच्याकडे खुळ्यासारखा बघत राहिलो.

“सबको एक जैसा फ़ायदा नहीं होता,” तिनं बजावलं. “शुगर कुछ दिन बढ़ेगी, ध्यान रखना. और रास्ता मैंने खोला है, चलना आपको है.”

मग मी चाललो. भिंतीवर बोटांनी वर चढलो, फेट्याचंच कापड पाठीमागे धरून हात ताणला, सगळ्या जगाला शिव्या घातल्या. बायको चहा ठेवायची ती माझ्या कण्हण्यावरून वेळ ओळखून. एके दिवशी वरच्या फळीवरचा डबा मी सहज काढून दिला, तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला.

लग्नाच्या सकाळी लेक नऊवारी नेसून माझ्यासमोर आली. हातात पाट.

“राहू दे तो,” मी म्हणालो. “उभी राहा.”

ती उभी राहिली, आणि मी कापड उचलताच तिनं हळूच गुडघे वाकवले, मान खाली घातली. माझा हात पोचावा म्हणून. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पीळ घट्ट बसतो म्हणून मंडळातलं कुणीच कधी खाली बसलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिच्या हनुवटीला बोट लावलं.

“मान वर कर, बाळा,” मी म्हणालो. “अजून वर.”