अम्माचा कागद

उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारी राहणारे काका मूळचे सोयगावकडचे. नळाला पाणी आलंय म्हणून सांगितलं, तरी आधी स्वतः तोटी उघडून बघतील, मगच ‘व्हय’ म्हणतील.

आम्हाला सिंधहून इथं येऊन बरीच वर्षं झाली होती. वकील न लावता घरातल्या चौघांचे नागरिकत्वाचे अर्ज मीच भरले. ‘यांना मी ओळखतो, यांची वर्तणूक चांगली आहे,’ असं प्रत्येकासाठी इथल्या कुणीतरी लिहून द्यायचं होतं. काकांनी तीन कागदांवर सह्या केल्या. माझ्या आईचा, अम्माचा, तेवढा परत दिला.

‘या कधी भाईर दिसत नायत. मी वळखतो म्हणून कसं लिहू?’

दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायचे होते. मी चिडलो. ‘काका, नुसती सही तर आहे.’

‘पण माझी हाय ना.’

संध्याकाळी ते आपणहून आले आणि अम्मासमोर बसले. तुमच्या गावाला काय पिकायचं, इथपासून सुरुवात झाली. त्यांची दख्खनी हिंदी, तिची सिंधी, तासभर चाललं. मग त्यांनी सही केली.

ते गेल्यावर अम्माने कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला.

‘आता त्यांच्यासाठीही असाच एक लिही,’ ती म्हणाली. ‘सही मी करते.’