भट्टीचा धूर आणि भाऊजींचं मत

धाकटे दीर नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा घरात सगळ्यात जास्त काळजी मला वाटत होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्याकडे राहायचो. दिवाळी झाली की तिकडच्या वीटभट्ट्या पेटायच्या. कोळसा परवडत नाही म्हणून भट्टीवाले जुने टायर आणि चपलांच्या कारखान्यांतलं टाकाऊ रबर जाळायचे. वाळत घातलेल्या चादरीवर हात फिरवला तर बोटं काळी व्हायची. माझ्या मुलीची छाती थंडीभर भरलेली असायची. दम लागला की ती खिडकीला टेकून बसायची, आणि खिडकी उघडावी तर धूर आत यायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. जेवताना भाऊजींनी एकदा विचारलं होतं, "वहिनी, हे पेपरात येतं, पृथ्वी तापतेय म्हणून, ते काय असतं हो?" मी त्यांना काचेच्या खोलीचं उदाहरण देऊन समजावलं. धूर वर जातो म्हणजे संपतो असं नाही, तो आपल्यावरच पांघरूण घालतो, असंही मी म्हणाले. पंधरवड्याने आमच्या चौकात त्यांची सभा झाली. माइकवरून ते म्हणाले, "बंधू-भगिनींनो, धूर वर जातो म्हणजे संपतो असं नाही!" टाळ्या पडल्या. भट्ट्यांचा काळा धूर बंद करून दाखवीन, असं वचन त्यांनी त्याच सभेत दिलं. शब्द माझे होते, त्यामुळे ते वचनही अर्धं माझ्याच गळ्यात पडल्यासारखं झालं.

भाऊजी निवडून आले. गुलाल उधळला, पेढे वाटले. पुढच्या थंडीत भट्ट्या पुन्हा पेटल्या आणि धूर होता तसाच. शेजारच्या सिंधी काकू गच्चीवर पापड वाळत घालायच्या. त्यांनी मला एक काळा झालेला पापड दाखवला. "टीचर, आपका देवर तो जीत गया. धुआँ वही का वही!" त्या हसतच म्हणाल्या, पण मला मान वर करवेना.

तेव्हा मी ठरवलं, भाऊजी घरी काय सांगतात ते ऐकायचं नाही, सभेत काय करतात ते बघायचं. पालिकेच्या सभेला लोकांसाठी मागे बाक असत. शाळेतून अर्धी रजा काढून मी जाऊन बसायचे. गटारं, दिवे, नळ यांवर भाऊजी चांगलं बोलायचे. एके दिवशी भट्ट्या बंद करण्याचा विषय निघाला. मी सरसावून बसले. मतदानाची वेळ आली आणि भाऊजी उठून बाहेर गेले. ठराव पडला. त्यांच्या पक्षाचे गटनेते समाधानाने पान खात बसले होते. त्यांच्या मेहुण्याची भट्टी होती, हे गावाला माहीत होतं.

त्या संध्याकाळी मी भाऊजींना वाढलं, पण बोलले नाही. शेवटी तेच म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय का?"

"हो. तुम्ही बाहेर का गेलात?"

ते भात चिवडत राहिले. मग म्हणाले, "हात वर केला असता तर भट्टीवर राबणारी बुवापाड्यातली माणसं कुठे गेली असती? नाही केला असता तर ह्या पोरीला काय तोंड दाखवू? सुचेना, म्हणून उठलो."

"सुचत नव्हतं तर तसं उभं राहून सांगायचं होतं, भाऊजी. तुम्ही उठून गेलात. लोक आता समजतील, तुम्हाला कोणीतरी उठवलं."

त्यांचा चेहरा पडला. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्या विचाराने मला अन्न गोड लागत नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत जात होते. हा मुलगा विकला गेला असेल, ही शंका मनात घेऊन त्याला रोज चहा देणं सोपं नव्हतं.

त्यानंतर भाऊजी घरी कमी दिसू लागले. कोणी सांगे, भट्टीवर बसलेले दिसले. कोणी सांगे, बदलापूरकडच्या भातगिरण्यांत हिंडतायत. माझी शंका आणखी वाढली.

उन्हाळा लागला तेव्हा सभेत भाऊजींनी स्वतःचा ठराव मांडला. भट्ट्या चालू राहाव्यात, पण टायर आणि रबर जाळणाऱ्याचा परवाना रद्द व्हावा. रबराऐवजी भाताचा तूस वापरावा, गिरणीवाले तो द्यायला तयार आहेत. कोणत्या गिरणीतून किती तूस मिळेल, हेसुद्धा ते तोंडपाठ सांगत होते. गटनेते ओरडले, "बसा खाली! पक्षाचं ठरलंय!"

भाऊजी बसले नाहीत. "माझ्या घरात लहान पोरगी आहे, तिला श्वास घेता येत नाही," ते म्हणाले. "मागच्या वेळी मी पळून गेलो. आज नाही जाणार."

मग त्यांनी हात वर केला. थोडा वेळ तो एकटाच होता. मग बुवापाड्याकडच्या नगरसेवकाने केला, मग विरोधी बाकांवरच्या बायकांनी. ठराव थोडक्यात पास झाला. मी पदर तोंडाला लावून रडत होते. शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "नाही हो, फार बरं वाटतंय."

पुढच्या थंडीत भट्ट्यांवरून राखाडी धूर निघू लागला. तो काही स्वच्छ नव्हता, आणि एकदोघे चोरून रबर टाकायचेच. भाऊजी जाऊन भांडायचे. पृथ्वीच्या तापण्याला त्याने काय फरक पडला असेल, ते विज्ञान शिकवणारीला सांगायला नको. पण मुलीची ती थंडी बरीच सुखाची गेली.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने भाऊजींना तिकीट दिलं नाही. ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. निकाल ऐकून घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, "वहिनी, आता तुमची रजा वाचली." मला हसू आवरेना. ते पडल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरंच वाटलं नाही. त्या रात्री आम्ही सगळे पोटभर जेवलो.