पालथं झोपवणाऱ्या शमीमआपा

शमीमआपांची आणि माझी पहिली भेट लाजिरवाणी आहे. मी तेव्हा लातूरच्या एका कोचिंग क्लासात भौतिकशास्त्र शिकवत होतो. कमरेच्या मणक्यातली गादी सरकली, डाव्या पायात कळा सुरू झाल्या, आणि मी काय केलं? अहमदपूरला जाऊन एका पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, गृहस्थांकडून कमरेत लाथ मारून घेतली! मग दोघांनी धरून मला आपांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आणलं. आपा कडाडल्या, "सर, पोरांला काय शिकवता तुम्ही? लाथेनं गादी जागेवर येती व्हय?"

त्यांनी पायाचा अंगठा उचलायला लावला, लघवीची चौकशी केली; त्यात गडबड असती तर थेट सर्जनकडे धाडलं असतं. मग सतरंजीवर पालथं झोपवलं. पुढे कोपरांवर छाती उचलायला लावली. आठवड्यानं मी तणतणत गेलो: पायाची कळ कमी झाली, पण कंबर जास्त दुखते! "दुखणं पोटरीतून वर कमरेकडं सरकून राहिलंय, म्हंजे बरं होऊन राहिलंय. करा गुमान." दीड-दोन महिन्यांत मी फळ्यासमोर उभा राहिलो.

'पालथं झोपवायला डॉक्टर कशाला?' असं हिणवणारे या शहरात कमी नाहीत. भूकंपानंतर किल्लारीच्या पत्र्याच्या शेडांमध्ये, दगडांखालून काढलेल्या माणसांना आपा हाताला धरून चालवत होत्या, तेव्हा हे शहाणे कुठे होते?

पण खरा संताप पुढेच आहे. आपांकडे सतरा वर्षांची पोरं कंबर धरून येऊ लागली. आमच्या क्लासात टेकायला पाठ नसलेल्या बाकांवर ती दिवसदिवस वाकून बसत. आपा स्वतः आमच्या संचालकांना भेटायला आल्या. मागणं एवढंच, की तासाला पाच मिनिटं पोरांना उभं राहू द्या. संचालक म्हणाले, "म्याडम, पाच मिनिटांत आमचे दोन प्रश्न सुटतात." मी तिथेच होतो. ज्यांनी मला पायावर उभं केलं, त्यांच्यासाठी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आपा सलाम करून निघून गेल्या.

आज आपांच्या साठीच्या सत्कार समितीचे अध्यक्ष तेच संचालक आहेत. साहेब, तेव्हा गिळलेलं आता छापून सांगतो: शाल घालायची असेल तर आधी पोरांना उठू द्या. बाक अजून तेच आहेत. मीही अजून तुमच्याच क्लासात आहे, हे विसरून लिहीत नाही. आपांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. आणि कंबर धरलेलं एकही पोर यापुढे त्यांच्या दारात न येवो.