दाढेपायी मिळालेली दोन दिवसांची रजा

माझी अक्कलदाढ वर्षभर दुखत होती, पण मी ती काढायला गेले त्याचं कारण वेगळंच होतं. माझ्या मोठ्या जावेची दाढ काढली तेव्हा मलकापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं होतं. ते कानावर आलं आणि त्या दिवसापासून माझी दाढ जास्तच ठणकायला लागली.

लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून दिवसाउजेडी मी अंथरुणाला पाठ लावली ती फक्त बाळंतपणात, आणि तेव्हाही शेजारी कुणीतरी रडतच होतं. त्यामुळं मला ते दोन दिवस पाहिजे होते. दाढ गेली तर गेली.

दाढ निघाली. कापसाचा बोळा दातांत धरून मी बसले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन दिवस झोपून राहायचं. बोलायचं नाही, गरम खायचं नाही आणि चुलीपुढं तर अजिबात जायचं नाही." मी हातानं खुणावलं आणि बाहेर बसलेल्या मालकांना आत बोलवायला लावलं. त्यांच्या देखत बाईंना सगळं पुन्हा सांगायला लावलं. मालक फौजेतून रिटायर होऊन आलेत, आता ऊस बघतात. ते ताठ उभं राहून म्हणाले, "आर्डर म्हंजे आर्डर." माझा जीव भांड्यात पडला.

पण फौजेतल्या माणसाला रिपोर्ट दिल्याशिवाय चैन पडत नाही. दवाखान्याच्या दारातच त्यांनी माझ्या सुजलेल्या गालाचा फोटो काढला आणि त्यांच्या भावकीच्या आणि माझ्या माहेरच्या, दोन्ही ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'ऑपरेशन यशस्वी. पेशंट स्टेबल.' कशाचं ऑपरेशन ते लिहायला बोटं दुखली असतील.

आमचं गाव कुंडलच्या बाजूला. घरी पोचतो तर सासूबाईंनी दारालगतच्या सोप्यात खाट टाकून ठेवलेली. आजारी माणसाची खाट आमच्याकडं सोप्यातच असते, येणाऱ्याला लगेच दिसावी म्हणून. मी आडवी झाले, डोळे मिटले, आणि दारात चपला वाजल्या.

भावकीतल्या बायका बिस्किटांचे पुडे घेऊन आल्या. ज्याच्या तोंडात ताजे टाके, त्याच्या उशाशी कुरकुरीत बिस्किटं. प्रत्येकीनं विचारलं, "काय झालं, नीट सांग." मी तोंडाकडं बोट दाखवलं की सासूबाई सांगायच्या, "जबडाच काढणार हुते, थोडक्यात निभावलं." मग मला बोळा सावरत खरं सांगावं लागायचं. सासूबाईंचं आणखी एक म्हणणं होतं, की मी मिश्री लावली असती तर ही वेळ आलीच नसती. त्यांच्या तोंडात आता दोनच दात आहेत, पण ते मिश्रीवरच टिकलेत म्हणे. आणि अक्कलदाढ काढली म्हणजे अक्कलही गेली का, हा विनोद आलेल्या प्रत्येक पुरुषानं केला, तोही आपल्यालाच सुचल्यासारखा.

आता भेटायला आलेला माणूस बिनचहाचा गेला तर घराची अब्रू जाते. पहिला चहा सासूबाईंनी केला. दुसऱ्या वेळी त्या उठल्या आणि गुडघे धरून परत बसल्या. मालक पाहुण्यांत बसून ऑपरेशनची हकिकत सांगत होते. सांगता सांगता माझ्याकडं वळून म्हणाले, "आगं, जरा च्या टाकतीस का?"

मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं.

"बाई चूल म्हणाल्या हुत्या," ते म्हणाले. "आपल्याकडं गॅस हाय. वाकायचं कामच न्हाई."

उठले. काय करते. सगळ्यांना चहा दिला, मला मात्र गरम चालत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप उभी राहिली. म्हसवडहून माझी आई, भाऊ, चुलते, चुलत्या, जेवढे मावतील तेवढे आलेले. आई पळतच आली. तिनं सिद्धनाथाला नवससुद्धा बोलून ठेवला होता. माझ्या पोटावर हात फिरवत म्हणाली, "कुठं कापलंय गं?" मी आ करून दाखवलं. आई वाकून बघत राहिली. मागून चुलत्यांनीही डोकावलं आणि म्हणाले, "येवढंच व्हय?" एवढ्या लांबून आलेल्या माणसाची निराशा झाली, त्याचं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

बाहेर मालक म्हणत होते, "आलाय तर जेवल्याबिगर जायाचं न्हाई." मटण आणायला ते स्वतः गेले. तेवढं काम त्यांनी केलं, खोटं कशाला बोलू. बाकीचं माझ्याकडं आलं. मी पदर खोचला आणि कांदा चिरायला बसले. थोड्या वेळानं आई आत आली, परात पुढं ओढून पीठ मळायला लागली. आईनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि मला रडू कोसळलं. लय दिवसांचं साठलेलं होतं. तेवढ्यात पाणी न्यायला आलेली चुलती बाहेर जाऊन म्हणाली, "लय ठणकतीय बिचारीची दाढ." सगळ्यांनी हळहळ केली. आई भाकरी थापत राहिली.

आठवड्यानं टाके बघायला गेलो. डॉक्टरीणबाई आरसा लावून बघत म्हणाल्या, "एक टाका उसवलाय. झोपून राहायला सांगितलं होतं ना?"

"झोपूनच हुती की," मालक म्हणाले. "सोप्यात खाट टाकलीवती."

मी त्यांना खालच्या दुकानात गोळ्या आणायला धाडलं. ते जिन्यावरून उतरल्याचं ऐकलं आणि मग विचारलं, "बाई, वरची दाढबी काढायची का?"

"ती कशाला? ती चांगली आहे."

"काढा की. पण मग दोन दिवस मला हितंच ठेवून घ्या. आन् कुठं ठेवलंय ते ह्यांना सांगू नका."

बाई खूप हसल्या. तुम्ही भारी बोलता, म्हणाल्या. मी तोंड मिटलं आणि जिभेनं ती वरची दाढ सगळीकडून चाचपून बघितली. मेली जरासुद्धा दुखत नव्हती.