पाहणीतला एक मामा

मालतीअक्का प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. समोरचा बोलेपर्यंत शेंगा सोलत राहायच्या. अमळनेरला आमच्या कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवत. सगळ्यांत वडील, म्हणून सगळेच त्यांना अक्का म्हणत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजने एक काम घेतलं. चोपड्याकडच्या गावांत बारशाला मामा बाळाच्या गळ्यात वाघनख घालत. वाघनखांची ती मागणी कमी करायची होती. प्रमुख मी. मी पोस्टर काढलं : ‘वाघ संपत चालले आहेत.’ महिनाभराने पाहतो तर चोपड्याच्या एका सराफाने तेच दुकानात लावलेलं. गिऱ्हाइकाला सांगत होता, ‘‘वाचा! पुढं मिळायचं नाही. आत्ताच घेऊन ठेवा.’’

परतीच्या एसटीत मी धुसफुसत म्हणालो, ‘‘अडाणी लोक, अक्का. नुसती अंधश्रद्धा!’’

‘‘भाऊ, तुम्ही भाच्याच्या बारशाला काय नेलं होतं?’’ त्यांनी विचारलं आणि शेंगा काढल्या.

तापीचा पूल येईपर्यंत मी तग धरला. ‘‘वाघनख.’’

‘‘विश्वास आहे?’’

‘‘छे! बहिणीला सासूचे बोल नकोत म्हणून.’’

‘‘मग हे तुमच्या पोस्टरवर कुठंय?’’ असं म्हणून त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

त्यानंतर अक्का पाहणीसाठी गावोगाव फिरल्या. ‘विश्वास आहे का’ असं त्या विचारतच नसत. ‘नख नसलं तर कोण बोलतं?’ असं विचारत. उत्तर बहुतेक घरी एकच : सासू. ‘‘मंग सासूसलेच इचारूत,’’ त्या म्हणाल्या आणि वर्षभर सासवांच्या ओट्यांवर बसल्या. शेवटी एका मानाच्या आजीबाईंनी नातवाच्या बारशात, व्याह्यांसमोर खणखणीत सांगितलं, ‘‘आमले नख नको. चांदीना वाळा चाली.’’ पुढच्या बारशाला दुसरी सासू तेच बोलली. हळूहळू नख मागणारे मामा कमी झाले. सराफही वाळे घडवू लागला.

अहवाल मी लिहिला. यश पोस्टरांचं म्हटलं आणि अक्कांनी सासवांवर लिहिलेलं प्रकरण गाळलं. सत्कार माझा झाला. पुढचं कामही पोस्टरांचंच मिळालं. अक्कांचं फिरणं थांबलं. माझ्या भाच्याची गोष्ट चारचौघांत सांगून त्या मला सत्कारातच उघडं पाडू शकल्या असत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘भाऊ, सासवांचं राहिलं वाटतं.’’ आणि शेंगा सोलू लागल्या.

त्या वेळी मी सत्काराच्या शालीची घडी घालत राहिलो.

अक्का गेल्यावर त्यांच्या मुलीने पाहणीची वही मला आणून दिली. पहिल्याच पानावर होतं : ‘एक मामा. शिकलेला. विश्वास नाही. बहिणीसाठी घेतलं. इथून सुरुवात.’ नाव नव्हतं.

काल मी तिथे माझं नाव लिहिलं.