तव्यावरची

माझं लग्न होऊन लेक कॉलेजात जाण्याइतकी मोठी झाली, पण तव्यावरनं उतरलेली गरम भाकरी मी कधी खाल्ली नव्हती. खोटं वाटतं ना? निमगावात आमच्या घरी येऊन विचारा. भाकऱ्या थापणार मी, आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर शेवटी बसणारही मीच. तोवर भाकरीचं चामडं झालेलं असतं. कुणी बळजबरी केली नाही, घरची रीतच तशी. आणि त्या रीतीचा मला मनापासून संताप यायचा.

यंदा लेकीला बारामतीच्या होस्टेलवर सोडलं. निघताना ती म्हणाली, "मागच्या गल्लीत मेक्सिकन हॉटेल झालंय, तितं जेवूनच जा." यांना नेहमीची मटणाची खानावळ हवी होती. मी म्हटलं, "आज पोरगी म्हणती तितंच जायचं."

हॉटेल कसलं, चार टेबलं आणि समोरच उघडं स्वयंपाकघर. मालक जवळच्याच कोऱ्हाळ्याचा, बरीच वर्षं मेक्सिकोत आचारी होता. तिकडं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि त्याच्या तळहाताएवढ्या भाकऱ्या भाजतात, असं त्यानं हौसेनं सांगितलं.

"मका?" हे हसले. "मका आमी गाईला घालतो."

"मग गाईची चैन हाय म्हणायची," मी म्हटलं.

यांनी कोंबडी घातलेली थाळी सांगितली, मी काळ्या घेवड्याची. माझं मी सांगितलं, पहिल्यांदाच. आणि झालं काय, माझंच ताट आधी आलं. तीन पिवळ्या भाकऱ्या, वाफा निघत होत्या. वर मऊ घेवडा, कच्चा कांदा, कोथिंबीर, बाजूला हिरव्या मिरचीची चटणी. मी हात लावणार, एवढ्यात यांनी ते ताट स्वतःपुढं ओढलं. मनात वाईट काही नव्हतं. घरी पहिलं ताट यांचंच असतं, सवयीनं हात गेला.

माझं डोकंच फिरलं. मी ताटाची कड धरली. "ते माझं हाय."

"अगं, मग मी काय बघत बसू?"

"व्हय, बसा. मी रोज बसते."

शेजारच्या टेबलावरची पोरं बोलायची थांबली. यांचा चेहरा लाल झाला. "लोकं बघत्यात," दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू द्या की!"

ताट ओढून घेतलं. भाकरी दुमडली, बोटं पोळली. पोळू देत. मक्याची गोडी, चुन्याचा मंद वास आणि ती चटणी, आपल्या ठेच्याची सख्खी बहीणच. डोळ्यांतनं पाणी आलं. चटणीचं निमित्त सांगणार नाही. गरम भाकरी खाल्ली म्हणून रडले मी, भर हॉटेलात, आणि रडत रडत तिन्ही संपवल्या.

मग यांची थाळी आली. मान खाली घालून जेवले. पोट भरल्यावर उरलेली एक भाकरी त्यांनी माझ्याकडं सरकवली. "घे, खा." मवाळ आवाजात म्हणाले. भाकरी गार झाली होती.

मी ती तशीच परत सरकवली आणि मालकाला हाक मारली.

"दादा, मला आणखी एक द्या. तव्यावरची."